आत तोंड करून बसलेली फौज

१५ सप्टेंबर १९४८. हैदराबादवरच्या लष्करी कारवाईचा तिसरा दिवस. भारतीय फौजेची तुकडी मोमिनाबादला पोचली. आज आपण या गावाला अंबाजोगाई म्हणतो. गावात निजामाचा रिसाला होता, गोलकोंडा लान्सर्स नावाचा. त्याने नावापुरता प्रतिकार केला आणि हत्यारे खाली ठेवली. या कारवाईच्या लष्करी इतिहासात बीड जिल्ह्याच्या वाट्याला जेमतेम एवढे एक वाक्य येते, आणि तेही जालना-लातूरच्या हकिगतीत जाता जाता उरकलेले असते.

नळदुर्गच्या पुलाबद्दल, सूर्यापेठच्या बाँबवर्षावाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मोमिनाबादबद्दल एक साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. तो रिसाला तिथे करत काय होता? मुंबई प्रांताची सर्वांत जवळची हद्द बार्शीच्या बाजूला, तीही पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. पश्चिमेला नगर जिल्हा त्याहून लांब. शत्रू यायचा तो सोलापूरहून आणि विजयवाड्याहून येणार, हे हैदराबादच्या सेनापतीला स्वच्छ दिसत होते. असे असताना एक घोडदळ बालाघाटाच्या पठारावर, योगेश्वरीच्या गावात का बसून राहिले होते?

उत्तरासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांकडून मार खाल्ल्यावर निजाम अलीने आधी फ्रेंचांच्या तालमीत तयार झालेल्या पलटणींवर भिस्त ठेवली आणि १७९८ मध्ये इंग्रजांच्या सांगण्यावरून त्या मोडल्या. मग १८०० चा तह झाला. राज्याच्या बाहेरच्या हद्दींची काळजी कंपनीने घ्यायची आणि त्या खर्चापोटी निजामाने मुलूख तोडून द्यायचा, असा त्याचा मथितार्थ. पुढे हेन्री रसेल रेसिडेंट असताना निजामाच्याच खर्चाने, पण गोऱ्या अंमलदारांच्या हाताखाली एक स्वतंत्र फौज वाढली. तीच हैदराबाद कंटिंजंट. तिच्या पगाराच्या थकबाकीपायी १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. एखाद्या राजाने आपल्याच मुलखावर पहारा करणाऱ्या फौजेपायी आपलाच मुलूख गमवावा, असे उदाहरण शोधून सापडणार नाही.

या कंटिंजंटची ठाणी पाहा: बोलारम, हिंगोली, औरंगाबाद, लिंगसुगूर, एलिचपूर आणि मोमिनाबाद. या जागा परकीय आक्रमण अडवायला निवडलेल्या नव्हत्या. परकीय आक्रमण येणार कुठून? चहूबाजूंनी इंग्रजच होते. ही ठाणी होती भिल्लांसाठी, रोहिल्यांसाठी, सारा थकवणाऱ्या देशमुखांसाठी, बंड करणाऱ्या नाईकांसाठी. मोमिनाबादचे घोडदळ बालाघाटाच्या माथ्यावर बसून खालच्या गोदाकाठावर आणि पलीकडच्या मांजरेच्या खोऱ्यावर नजर ठेवत असे. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली. निजामाच्या स्वतःच्या फौजेचा विचार मात्र त्याच साच्यात राहिला. दोन महायुद्धांत तिच्या तुकड्या परदेशी गेल्या, पहिल्या महायुद्धात तिचे घोडेस्वार पॅलेस्टाइनपर्यंत पोचले. पण तिथली आखणी इंग्रजांची. आपल्या राज्याचे रक्षण करायची वेळ आली तर काय करायचे, याचा विचार या फौजेने स्वतंत्रपणे कधी केलाच नव्हता. १५० वर्षे तिचे तोंड आतल्या बाजूला होते.

आणि ती वेळ आली. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अलींनी फर्मान काढून जाहीर केले की इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी एक वर्षाचा जैसे थे करार झाला. त्यानुसार सिकंदराबादेतली भारतीय फौज काढून घेण्यात आली. मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि खरी सूत्रे लातूरला वकिली केलेल्या कासिम रझवींच्या हातात गेली. वसाहतवादी सत्ता निघून जाते आहे आणि आम्ही आमचे स्वातंत्र्य राखतो आहोत, ही हैदराबाद सरकारची भाषा. ज्या रयतेच्या नावाने हे स्वातंत्र्य राखायचे, ती १ कोटी ६० लाखांची रयत बहुसंख्येने उलट बाजूला होती. तिच्या दृष्टीने स्वातंत्र्यलढा स्वामी रामानंद तीर्थांचा होता, आणि स्वामीजी तर १९३८ च्या सत्याग्रहाआधी याच मोमिनाबादच्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते. एकाच गावात एका बाजूला छावणी आणि दुसऱ्या बाजूला ती शाळा. गुप्तहेर खात्याने नेमके कुठे लक्ष द्यायला हवे होते, हे आता सांगणे सोपे आहे म्हणा.

आता हैदराबादचा बचावाचा बेत पाहू. सेनापती सय्यद अहमद अल इद्रूस हा मूर्ख माणूस नव्हता. त्याच्याजवळ नियमित फौज बावीस-चोवीस हजारांची. त्यातले पुरते शिकलेले शिपाई थोडे. हलकी चिलखती वाहने होती, तोफा थोड्या होत्या, विमानदळ नव्हते. राज्य सुमारे २ लाख १४ हजार चौरस किलोमीटरचे, समुद्रकिनारा नाही, चारी बाजूंनी भारत. इतक्या फौजेत इतकी हद्द राखता येत नाही हे कोणीही सांगेल. मग बेताचा गाभा काय? वेळ काढणे. रस्ते अडवायचे, पूल उडवायचे, पुढे येणाऱ्याला आठवडे लावायचे आणि तेवढ्यात पॅरिसला भरणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने मध्ये पडायचे. २१ ऑगस्टला हैदराबादने समितीकडे तक्रार दाखल केलीच होती. कराचीहून रात्री-अपरात्री सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक बिदर आणि वरंगळच्या विमानतळांवर बंदुका उतरवत होता. (पुढे लंडनच्या कोर्टाने या धाडसाबद्दल त्याला फक्त २०० पौंड दंड केला.) पाकिस्तान काही करील, ही आशाही होती. ११ सप्टेंबरला जिनांचे निधन झाले आणि ती आशा तिथेच संपली.

वेळ काढण्याच्या बेतात पावसाळ्याचा हिशेब धरलेला होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. मराठवाड्याची काळी जमीन भादव्यात कशी असते ते बैलगाडी हाकलेल्याला विचारावे. रस्ता सोडला की चाक रुतते. रणगाड्याचे पट्टेही तिथे फार वेगळे वागत नाहीत. पहिल्याच दिवशी लोहाऱ्याकडे निघालेली भारतीय तुकडी नदीला पूर आल्यामुळे खोळंबली होती.

पण पुराचा भरवसा धरणाऱ्याने बीड जिल्ह्याचाच जुना इतिहास वाचायला हवा होता. १० ऑगस्ट १७६३, गेवराई तालुक्यातले राक्षसभुवन. निजाम अलीची फौज गोदावरी उतरून औरंगाबादकडे निघाली होती. निम्मी फौज निजामासह पलीकडे पोचली, निम्मी दिवाण विठ्ठल सुंदरच्या हाताखाली अलीकडे राहिली. गोदावरी दुथडी भरून वाहत होती. माधवराव आणि रघुनाथराव यांनी अलीकडच्या निम्म्या फौजेला गाठले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पैलतीरावरून आपल्या सैन्याची कत्तल बघत बसावे लागले. पूर शत्रूला अडवतो तसा आपल्या मदतीलाही अडवतो. ज्याची फौज विखुरलेली असते त्याच्यावर पूर आधी उलटतो, कारण त्याच्या एका तुकडीला दुसरीकडे जाता येत नाही. १९४८ मध्ये निजामाची फौज राक्षसभुवनपेक्षा कितीतरी जास्त विखुरलेली होती.

ती विखुरली कशी, हेही पाहण्यासारखे आहे. हद्द म्हटले की आपल्याला नकाशावरची रेघ दिसते. बीड आणि नगर यांच्यात तशी रेघच नव्हती. आष्टी, पाटोदा या बाजूला मोगलाईची, म्हणजे निजामी अंमलाची, आणि इंग्रजी अंमलाची गावे एकमेकांत मिसळलेली होती. जामखेड तालुक्याची कित्येक गावे मोगलाईच्या पोटात होती. एका शिवारात निजामाचा पोलीस, पुढच्या शिवारात मुंबई सरकारचा. मोगलाईतून पळालेल्याला लपायला फार लांब जावे लागत नसे. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कृती समितीने सोलापूर, बार्शी, नगर, मनमाड, चांदा या पट्ट्यात छावण्या उभारल्या त्या या सोयीमुळेच. तिथून माणसे येत, करोडगिरीचे नाके जाळत, तारा तोडत, शिंदीची झाडे पाडून आबकारीचे उत्पन्न बुडवत आणि पुन्हा हद्दीपलीकडे जात.

लष्करी मापाने या कारवाया किरकोळ होत्या. एखादा नाका जळाल्याने राज्य पडत नाही. पण त्या कारवायांनी जे केले ते कुठल्याच लढाईने केले नसते. प्रत्येक नाक्याला दहा शिपाई, प्रत्येक ठाण्याला पंचवीस, प्रत्येक कसब्याला एक तुकडी, अशी मागणी वाढत गेली आणि वेळेला एकत्र करता येईल अशी राखीव फौज हैदराबादजवळ उरलीच नाही. शेकडो मैलांच्या हद्दीवर पातळ फळी आणि तिच्या मागे पोलिसी ठाणी, एवढेच काय ते राहिले. बेताला खोली नव्हती. नळदुर्ग पडले तर मागे कुठे थांबायचे, याचे धड उत्तर कोणाजवळ नव्हते.

राखीव फौजेची जागा रझवींच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, म्हणजे रझाकारांनी, भरून काढायची होती, आणि सगळ्या चुकांमध्ये ही सर्वांत महागात पडली. रझवी दोन लाखांची भाषा करत. त्यांतल्या जेमतेम चौथाईजवळ धड बंदुका होत्या. बाकी ठासणीच्या बंदुका, तलवारी आणि गणवेश. रणगाड्यासमोर त्यांचा उपयोग शून्य. निःशस्त्र गावासमोर मात्र पुरेपूर. १९४८ च्या उन्हाळ्यापर्यंत लूट, जाळपोळ, खून यांमुळे गावेच्या गावे हद्दीपार गेली होती. अल इद्रूसच्या नियमित फौजेला रझाकारांवर हुकूम चालवता येत नव्हता आणि त्यांची पापे मात्र तिच्या खात्यावर जमा होत होती. भारतीय सेनाधिकाऱ्यांना कुठला पूल शाबूत आहे, कुठल्या घाटात पहारा आहे, कुठल्या गढीत दारूगोळा आहे हे सांगणारी माणसे हजारोंनी होती. हैदराबादच्या सेनापतीला शत्रूची बातमी देणारा एक पाटील मिळणे मुश्कील होते.

याच डोंगरांत हे उलटेही घडून गेले होते. सतराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत मलिक अंबरने मोगलांच्या अफाट फौजा या बालाघाटाच्या आणि गोदेच्या टापूत दमवल्या. त्याच्याजवळही शिपाई कमी होते. घाट तेच, काळी माती तीच, पाऊस तोच. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने तलाव फोडून शत्रूचा तळ चिखलात घातला. पण मलिक अंबरच्या पाठीशी रयत होती, त्याची सारापद्धत लोकांना मान्य होती, मराठा सरदार त्याच्या घोडदळात होते. दाणागोटा आणि बातमी त्याला गावोगाव मिळत असे. गनिमी काव्याला डोंगरापेक्षा गाव जास्त लागते. अल इद्रूसने मोमिनाबादच्या रिसाल्याला बालाघाटात उतरून गनिमी युद्ध करायला सांगितले असते तरी दुसऱ्या दिवशी घोड्यांना वैरण कुठून मिळाली असती? त्याने तसे सांगितले नाही, ही त्याच्या शहाणपणाचीच खूण मानायला हवी.

प्रत्यक्ष लढाई म्हणून सांगण्यासारखे थोडे आहे. भारतीय बाजूचा आराखडा मुळात दक्षिण विभागाचे सेनापती गोडार्ड यांनी आखलेला. अंमलबजावणीच्या वेळी त्या जागी राजेंद्रसिंहजी होते. सोलापूरकडून मेजर जनरल जयंतनाथ चौधुरी, विजयवाड्याकडून मेजर जनरल रुद्र, आणि वायव्येकडून औरंगाबाद-जालन्यावर मेजर जनरल ब्रार. १३ सप्टेंबरला पहाटे चार वाजता सुरुवात झाली. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल उडवणे हा हैदराबादच्या साऱ्या बेताचा पहिला अंक होता. तो पूल भारतीय तुकडीने शाबूत ताब्यात घेतला, आणि तो उडवायची कामगिरी असलेला इंग्रज भाडोत्री अधिकारीही कैद झाला. वेळ काढण्याचा बेत पहिल्याच सकाळी कोसळला. दुपारी सव्वातीनपर्यंत चिलखती तुकड्या उमरग्यात, म्हणजे हद्दीच्या ६० किलोमीटर आत होत्या. तुळजापूरला पहिली हैदराबाद इन्फंट्री आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढले. दुसऱ्या दिवशी उस्मानाबादेत रस्त्यारस्त्यावर चकमकी झाल्या आणि औरंगाबादच्या मुलकी अधिकाऱ्यांनी शहर हवाली केले. तिसऱ्या दिवशी जालना, आणि मग आपले मोमिनाबाद.

बीड शहरापर्यंत तेव्हा रेल्वे नव्हती. जिल्ह्यात रूळ होते ते परळी वैजनाथपर्यंत, विकाराबाद आणि परभणीकडून आलेले. सैन्यशास्त्राच्या दृष्टीने बीड ही आडवाट होती आणि भारतीय आराखड्यात ती तशीच राहिली. (नगरहून बीडला पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून. आडवाट असण्याचे फळ जिल्ह्याने ७७ वर्षे भोगले.) गोलकोंडा लान्सर्सच्या अधिकाऱ्यांपुढे १५ तारखेला प्रश्न असा होता: नैर्ऋत्येला उस्मानाबाद गेले, उत्तरेला जालना गेले, दक्षिणेला सोलापूर-हैदराबाद रस्ता गेला. हैदराबादला पोचायचे तर कोणत्या वाटेने, आणि इथे लढायचे तर कोणासाठी? त्यांनी थोड्या गोळ्या झाडल्या आणि शस्त्रे ठेवली. मी त्यांना भेकड म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात आखलेल्या जागी त्यांना १९४८ चे युद्ध लढायला सांगितले होते.

१६ तारखेला सुरक्षा समितीत हैदराबादचा विषय निघाला आणि बैठक २० तारखेवर गेली. १७ ला सकाळी लायक अलींनी राजीनामा दिला, संध्याकाळी पाचला युद्धबंदी झाली. १८ ला शहराबाहेर अल इद्रूसने चौधुरींसमोर शरणागती पत्करली. २२ ला निजामाने सुरक्षा समितीतली तक्रार मागे घेतली.

इथे प्रकरण संपवले तर एका बाजूच्या चुकांचा हिशेब पूर्ण होईल आणि दुसऱ्या बाजूचा राहून जाईल. आपल्याकडच्या पुस्तकांत तो बहुधा राहूनच जातो.

भारतीय आराखडा वेगाचा होता. मुख्य रस्ते पकडा, ठाणी घ्या, थांबू नका, राजधानी गाठा. लष्करी दृष्टीने तो बिनतोड ठरला. पण रस्त्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत असलेल्या गावात काय होईल, याची तरतूद त्यात नव्हती. जुना पोलीस पळाला किंवा लपला. रझाकार पांगले. त्यांच्या वर्षभराच्या अत्याचारांचा सूड उगवायला मोकळे रान मिळाले, आणि तो सूड पडला बहुतेक ठिकाणी ज्यांनी काही केले नव्हते अशा मुसलमान विणकरांवर, शेतकऱ्यांवर, बायकामुलांवर. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर १९४८ या काळात ते गावोगाव हिंडले. त्यांचा अंदाज साऱ्या संस्थानात किमान २७ ते ४० हजार मृत्यूंचा. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत वाईट, तिथे १८ हजारांहून कमी नाहीत. त्यानंतरच्या चार जिल्ह्यांत औरंगाबाद, नळगोंडा, मेदक यांच्याबरोबर बीडचे नाव आहे. या चारांत मिळून किमान ५ हजार. काही ठिकाणी लष्कराच्या आणि पोलिसांच्या माणसांनी लुटीला हातभार लावल्याचे आणि काही ठिकाणी लष्करानेच मुसलमान कुटुंबांना वाचवल्याचे, दोन्ही त्यात नोंदले आहे. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य झाला नाही. तो सर्वसामान्यांना वाचायला मिळाला २०१३ मध्ये.

हे आकडे अंदाजाचे आहेत आणि त्यांवर वाद आहे. वाद आकड्यांवर घालावा, घटनेवर नव्हे. माझ्या मते हा दोष आराखड्यातच होता. हैदराबादची फौज फार काळ टिकणार नाही हे भारतीय सेनाधिकाऱ्यांना पुरते ठाऊक होते. ती कोसळल्यावर १६ जिल्ह्यांतली मुलकी सत्ताही त्याच क्षणी कोसळणार, हे त्यातूनच उघड होते. मुलकी कारभाराचे प्रमुख म्हणून मुंबई सरकारातले द. श्री. बखले आले, त्यांच्याबरोबर मुंबई, मध्य प्रांत आणि मद्रासचे अधिकारी आले. पण जिल्ह्याच्या गावी अधिकारी पोचणे निराळे आणि पाटोद्याच्या डोंगरातल्या वाडीवर पोलीस पोचणे निराळे. रणगाडे सोलापूरहून हैदराबादेत पाच दिवसांत गेले. नवे तहसीलदार, नवे फौजदार आणि त्यांच्याबरोबर थोडीफार शाश्वती तालुक्यातालुक्यांत पोचायला कित्येक आठवडे लागले, आणि मराठवाड्यात जी माणसे मारली गेली त्यांतली बहुतेक मेली ती त्या आठवड्यांत.